शाळा न सोडणारी वही

एक कोडं घेऊ या. आठवीतली पोरं नववीत जातात, नववीतली दहावीत, आणि दहावीतली शाळाच सोडून जातात. पाच-सहा वर्षांत शाळेतलं एकूण एक डोकं बदलतं. मग कुणी म्हणालं, ‘आमच्या शाळेचं मंडळ शंभर वर्षांचं आहे,’ तर ते शंभर वर्षांचं नेमकं काय असतं? पोरं तर तीच नाहीत. बाई आणि सर केव्हाच निवृत्त झाले. बाकं मोडली, कौलं बदलली, भिंतींवर रंगाचे कितीतरी हात फिरले. तरी मंडळ आहेच!

याचं उत्तर शोधायला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून आधी मुंबईला उतरू, मग नाशिक आणि अमळनेर करू, जाता जाता अमेरिकेतही डोकावू. आणि शेवटी पावसात भिजायला परत इथेच येऊ.

मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन नावाची मोठी शिक्षणसंस्था होती. तिथल्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली एक सभा काढली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. म्हणजे साहित्य आणि विज्ञान यांसाठी विद्यार्थ्यांची सभा. त्याच वर्षी तिला दोन फांद्या फुटल्या, एक मराठीतून बोलणारी आणि एक गुजरातीतून. मराठीची ‘ज्ञानप्रसारक सभा’. तिचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग, म्हणजे मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा. दादाभाई नौरोजी या सोसायटीत पुढे होते आणि तेव्हा ते अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. भाऊ दाजीही तिथे होते. पुढे ते मोठे नामवंत डॉक्टर झाले, पण त्या वेळी वैद्यकीचे विद्यार्थीच होते.

सभेत काय चाले? एकाने विषय घ्यायचा, निबंध लिहून आणायचा आणि सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. झालं, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये मोठी ताकद आहे. खरं वाटत नसेल तर आज घरी करून पाहा. चंद्र कधी कधी दिवसाही का दिसतो, हे धाकट्या भावाला समजावून सांगायला बसा. आपल्याला सगळं येतं असं वाटत असतं, आणि तिसऱ्याच वाक्याला तो विचारतो, ‘मग रोज का नाही दिसत?’ आपल्याला काय येत नाही ते त्या क्षणी आपल्यालाच कळतं. पुस्तक उलटून प्रश्न विचारत नाही. समोर बसलेलं पोर विचारतं.

ज्ञानप्रसारक सभेसमोर निबंध वाचणाऱ्यांत केरूनाना छत्रे होते. हवा आणि भरती-ओहोटी असले त्यांचे विषय. समुद्राचं पाणी रोज वर का चढतं आणि खाली का उतरतं, हे मराठीत सांगायचं म्हणजे त्या काळी शब्दही स्वतःच जुळवायचे. हे केरूनाना पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागले होते. म्हणजे तुमच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांएवढे! वेधशाळेतलं काम फार धीराचं. चुंबकसूची किती हलली, हवेचा दाब किती, हे ठरलेल्या वेळी पाहायचं आणि लिहायचं, रात्रीसुद्धा. पुढे ते पुण्याला गणित शिकवू लागले आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी झाले. कुलाब्याला १८४० च्या दशकात हवामानाच्या ज्या नोंदी सुरू झाल्या त्या आजही चालू आहेत. मुंबईचा पाऊस पूर्वी कसा होता हे आपल्याला कळतं ते अशा वह्यांमुळे. ही वही लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

त्या सोसायटीच्या तरुणांची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. नुसते निबंध वाचून ते थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सकाळी आपलं काम सुरू होण्याआधी स्वतःच तिथे शिकवायला जाऊ लागले, तेही पगार न घेता. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ ची, त्याच्या एकच वर्ष आधीची. मुलींनी शिकायचं म्हटलं की लोक डोळे वटारत होते, असा तो काळ. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना शंकरशेट, अशा कामांना भक्कम आधार देत.

नाना १८६५ साली वारले. त्यांच्या नावाने संस्कृतसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येईल त्याला ती मिळे. मॅट्रिक म्हणजे तेव्हाची शाळेची शेवटची परीक्षा. आपल्याकडची हुशारांची पंगत म्हणजे हीच. ‘शंकरशेट स्कॉलर’ एवढं म्हटलं की घरातले आजोबाही ताठ होऊन बसत. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेला एक मुलगा १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला आणि त्याने ही शिष्यवृत्ती पटकावली. त्याचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. तोच पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला.

जवळपास याच काळात अमेरिकेतल्या शाळांत हुशार मुलांची ‘मानाची मंडळं’ निघत होती. कॉलेजांत ही पद्धत जुनीच होती. ‘फाय बीटा कॅपा’ नावाचं मंडळ १७७६ साली विद्यार्थ्यांनीच काढलं होतं, आणि सुरुवातीला ते गुप्त होतं. शाळांसाठी देशभर पसरलेलं ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ हे मंडळ १९२१ साली सुरू झालं. त्याची पहिली शाखा पिट्सबर्ग शहरातल्या एका हायस्कुलात निघाली. तिथे फक्त मार्क पाहत नसत. अभ्यास, पुढाकार, सेवा आणि चारित्र्य या चारही गोष्टी असतील त्यालाच मंडळात घेत आणि छातीवर लावायला बिल्ला देत.

बिल्ला कुणाला आवडत नाही? मलाही आवडतो. पण बिल्ला मिळाला की मुलगा तो घेऊन घरी जातो आणि पुढच्या वर्षी शाळा सोडतो. शाळेत मागे काय उरतं? भिंतीवरच्या फळ्यावर एक नाव. म्हणून मला दुसऱ्या जातीची मंडळं जास्त मोलाची वाटतात, ज्यांत हुशार-मठ्ठ सगळे असतात आणि सगळे मिळून काहीतरी करत असतात.

मोखाड्याहून त्र्यंबकेश्वर ओलांडलं की नाशिक. तिथे १९०० सालच्या जानेवारीत ‘मित्रमेळा’ नावाचं मंडळ निघालं. ते काढणाऱ्यांतले विनायक सावरकर तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि अजून हायस्कुलात शिकत होते. दर आठवड्याला बैठक. कुणीतरी वाचून यायचं आणि बोलायचं, मग चर्चा. त्यांचे विषय इतिहासाचे आणि देशाच्या स्वातंत्र्याचे असत, आणि त्याच मित्रमेळ्यातून १९०४ साली ‘अभिनव भारत’ ही क्रांतिकारकांची संस्था उभी राहिली. ध्येय एल्फिन्स्टनच्या तरुणांहून अगदी वेगळं होतं, पण बैठकीची रीत ओळखीची वाटते ना?

१९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ नावाचं मुलांचं मासिक काढलं. मुलांना आपल्या भाषेत, आपल्या वयाचं वाचायला मिळू लागलं. १९२८ साली पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ निघालं, खास विज्ञानाचं मासिक. आणि तिकडे खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक चालवत. दैनिक, बरं का! रोजचं. आणि हाताने लिहिलेलं. छापखाना नाही, पैसे नाहीत, तरी रोज सकाळी मुलांना नवं वाचायला हजर. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं. तुमच्या शाळेत वर्षाला एक हस्तलिखित निघत असेल, तर ते काढताना किती धावपळ होते आठवा, आणि मग ‘रोज’ या शब्दाचा विचार करा.

स्काउटचं पथक तर तुम्हाला माहीतच आहे. १९०७ साली इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांना घेऊन एका बेटावर तळ ठोकला, तिथून ही चळवळ निघाली. भारतात ती १९०९ साली आली, पण आधी फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, सगळ्यांचं मिळून ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ झालं.

आता परत घाट चढू या.

जव्हार हे तेव्हा संस्थान होतं. मुकणे राजांचं. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचं छोटंसं राजधानीचं गाव. इथली नगरपरिषद १९१८ सालची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. त्याच १९१८ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने गोखले एज्युकेशन सोसायटी सुरू झाली. आज तिचं कॉलेज जव्हारला आहे आणि शाळा खाली समुद्रकाठी बोर्डीला. पालघर जिल्हा मात्र अगदी अलीकडचा, १ ऑगस्ट २०१४ चा. त्या दिवशी जन्मलेली मुलं आता तुमच्याच शाळेत असतील!

आणि इथे एक असं कोडं पडलेलं आहे, जे सोडवायला मंडळच लागेल.

जव्हार-मोखाड्याला वर्षाला सुमारे अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या तिपटीहून जास्त. पडलेलं पाणी जिथल्या तिथे राहिलं, कुठे वाहिलं नाही, मुरलं नाही, वाफ झालं नाही, तर ते मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल. आणि तरी एप्रिल उजाडला की कित्येक पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि आई-मावश्या हंडे घेऊन लांब जातात. हे कसं?

खाली काळा कातळ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, एकावर एक थर बसले आणि थंड होऊन कातळ झाला. हा कातळ पाणी पीत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात, तेवढंच. वरची माती पातळ आणि जमीन उतरती. त्यामुळे पावसाचं पाणी ओहोळांतून धावत सुटतं आणि बघता बघता नदीला मिळतं. मोखाड्याकडचं बरंचसं पाणी वैतरणेला जातं. तिच्यावर मोखाडा तालुक्यातच, कोचाळे गावाजवळ, मध्य वैतरणा धरण आहे. उंची सुमारे १०२ मीटर, २०१४ साली पुरं झालेलं. तिथून पाणी जातं थेट मुंबईच्या नळांना. तुमच्या डोंगरावर पडलेला पाऊस मुंबईतलं पोर पितं. धरणाशेजारच्या पाड्यावरच्या पोराला मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे मला बरोबर वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटत नसणार.

मग आपल्या पाड्यावर, आपल्या शाळेवर नेमका किती पाऊस पडतो? तालुक्याचा आकडा सरकार देतं. पण डोंगरात गंमत असते. एका उतारावर धो-धो चालू असतं आणि पलीकडच्या माळावर नुसती भुरभुर. सूर्यमाळला पडला तेवढा खोडाळ्याला पडेल असं नाही. ज्याच्या-त्याच्या शाळेने आपापला मोजायला हवा.

मोजायचा कसा? इथे एक खरंच नवल आहे. सरळ भिंतींचं मोठं पातेलं आणि सरळ भिंतींचा छोटा पेला शेजारी-शेजारी पावसात ठेवा. पातेल्यात पाणी कितीतरी जास्त जमेल. पण पट्टी घालून उंची मोजली तर दोन्हींत सारखीच! कारण पातेल्याचं तोंड मोठं म्हणून त्यात पाणी जास्त येतं, आणि तळही तितकाच मोठा म्हणून ते तितकंच पसरतं. म्हणून पाऊस लिटरमध्ये सांगत नाहीत, मिलिमीटरमध्ये सांगतात. महागडं यंत्र नको. सरळ भिंतींची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवा, म्हणजे पाणी वाफ होऊन फारसं उडणार नाही. तळ वाकडातिकडा असतो म्हणून आत खडे घाला, ते बुडेपर्यंत पाणी ओता आणि त्या रेषेला शून्य म्हणा. बाहेरून पट्टी चिकटवा. झाड आणि भिंत यांपासून दूर, मोकळ्यावर, पडणार नाही अशी रोवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खातंही त्याच वेळी वाचतं. वाचून झालं की पाणी शून्यापर्यंत ओतून टाका. झड लागली तर बाटली भरून वाहील, तेव्हा दुपारीही वाचा आणि बेरीज करा.

आता हिशेब. शाळेचं छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे असं धरा. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत एवढा तर सहज होतो. छपरावर पाणी पडलं ३,००० लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर २०० हंडे, एका दिवसात, एका छपरावर! पन्हाळ लावून ते टाकीत घेता येईल का, टाकी केवढी लागेल, किती दिवस पुरेल, हे सगळं तुमच्या बाटलीतल्या आकड्यावरून काढता येतं.

एक मुलगी किंवा एक मुलगा एकट्याने हे करू शकेल? चार दिवस, आठ दिवस करेल. मग ताप येईल, मामाच्या गावी जाणं होईल, शेतावर आवणीला हात लागतील. मंडळाला ताप येत नाही. सात पोरं असतील तर एकेकाला एकेक वार. इंग्लंडमध्ये सायमन्स नावाच्या गृहस्थांनी १८६० साली असंच केलं. गावोगावच्या साध्या लोकांना पत्रं लिहिली, ‘आपल्या अंगणातला पाऊस मोजून कळवाल का?’ चाळीस वर्षांत मोजणारे तीन हजारांवर गेले. त्यांत किती जण आले आणि किती गेले, वही मात्र चालू राहिली.

आणि वर्षं का लागतात, तेही पाहा. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा किंवा गाढव असेल तर बेताचा, असं आजोबा सांगतात. खरं की खोटं? भांडू नका, मोजा. मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रं नऊ. भरपूर म्हणजे किती मिलिमीटर, हे पाऊस पडायच्या आधीच ठरवून लिहून ठेवा. समजा, पहिल्या वर्षी नऊपैकी सहा अंदाज बरोबर आले. वा! पण थांबा. नऊ वेळा नाणं उडवलं तरी सहा किंवा त्याहून जास्त वेळा छापा येणं, हे साधारण चारातून एकदा घडतं. म्हणजे एका वर्षावरून काहीच ठरत नाही. दहा वर्षांत नक्षत्रं होतील नव्वद. नव्वदपैकी साठ बरोबर येणं नाण्याला फार अवघड, हजारातून एखाद्या वेळी. तेव्हा म्हणता येईल की यात काहीतरी आहे. पंचेचाळीसच्या आसपास आले, तर नाही. पण दहा वर्षं शाळेत कोण राहतं? कुणीच नाही. वही राहते. आता पहिल्या कोड्याचं उत्तर तुम्हीच द्या.

वहीचे नियम थोडेच आहेत, पण ते मोडायचे नाहीत. पहिल्या पानावर बाटली कुठे रोवली आहे ते लिहा आणि तिथून ती हलवू नका. हलवावीच लागली तर तारीख लिहा. पाऊस पडला नाही त्या दिवशी ‘०’ लिहा. पाहायचं राहून गेलं तर रेघ मारा, अंदाजाने आकडा भरू नका. शून्य म्हणजे पाहिलं आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे पाहिलंच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्यापुढे वाचणाऱ्याची सही हवी. शनिवारी सगळ्यांनी जमायचं, एकाने आठवड्याचे आकडे वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

दहावीच्या मुलांनी वही नववीच्या हाती द्यायची ती परीक्षेच्या आधीच, फेब्रुवारीत, म्हणजे शिकवायला वेळ राहतो. मृग लागतो ७ जूनच्या सुमाराला आणि शाळा उघडते त्यानंतर आठवडाभराने. आश्रमशाळेतली पोरं तेव्हा आपापल्या पाड्यावर असतात. म्हणून शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारी दोन पोरं मे महिन्याआधीच ठरवून ठेवा, बाटली त्यांच्याकडून धुऊन घ्या आणि वहीत त्यांची नावं लिहा.